‘लोखंडी खाट’मधला माझा हिस्सा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा गाद्या शिवणे आणि बेस गिटार वाजवणे, हा कागद माझ्या मर्जीने, कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डावा कान तेवढा गेला आहे. पण कायद्याला कानाशी कर्तव्य नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. गाद्यांचे दुकान, मागचे गोदाम आणि वरच्या दोन खोल्या मला वडिलांकडून मिळाल्या. हे सर्व माझ्या पश्चात धाकट्या बहिणीला मिळावे, कारण आमचा बँड तिथे तिच्यामुळे उभा राहिला. ती बालवाडीत शिकवायची. सकाळभर चाळीस पोरांशी गोड आवाजात बोलून दुपारी गोदामात यायची, गाद्यांच्या थप्पीत तोंड खुपसायची आणि जीव खाऊन ओरडायची. मग केस नीट करून घरी जायची. मी शिवत बसलेली असायचे, कधी काही विचारले नाही. एकदा दार उघडे राहिले आणि शेजारचा घड्याळजी येऊन उभा राहिला. मला वाटले, तक्रार घेऊन आला. त्याने विचारले, “या बाईंना हे सुरात जमेल का?” त्याच्याकडे इलेक्ट्रिक गिटार होती आणि बायकोने ती घरात वाजवायला बंदी केली होती. आमच्या गोदामात चारी भिंतींना गाद्या. आवाज बाहेर जायचा प्रश्नच नव्हता.

कलम २. माझी बेस गिटार भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला. चारच तारा, म्हणजे सोपी, असे सांगून घड्याळजीने ती माझ्या गळ्यात मारली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. दाभण ओढून बोटे आधीच घट्ट झालेली, ती कामाला आली. भाची माझ्याहून चांगली वाजवते. हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कलम ३. वडिलांची लोखंडी खाट ड्रमवाल्याला. हा गृहस्थ रुग्णवाहिका चालवायचा. स्ट्रेचरच्या गादीला नवी खोळ घालायला आला आणि थांबल्या थांबल्या दोन पान्यांनी खाट बडवू लागला. गादी तासाभरात तयार झाली. त्याला मात्र आम्ही सोडले नाही. बँडचे नावही त्याच खाटेवरून पडले. ती जिन्यावरून त्याने स्वतः उतरवावी.

आमचा पहिला कार्यक्रम अग्निशमन दलाच्या मेळाव्यात झाला. समोर चौदा माणसे होती. दुसऱ्या गाण्याला भोंगा झाला आणि बारा उठून पळाली. उरलेल्या दोघांनी तेच गाणे पुन्हा वाजवायला लावले. त्या दोघांनी कोणाकोणाला सांगितले देव जाणे, पण सहा वर्षांनी आमच्यासमोर मैदानात बारा हजार लोक होते.

कलम ४. रेकॉर्ड कंपनीच्या पांढऱ्या बुटांच्या माणसाला माझ्याकडून काहीही मिळू नये. आलाच तर चहा द्यावा, खुर्ची देऊ नये. मैदानावरच्या त्या कार्यक्रमाच्या नऊ दिवस आधी तो गोदामात आला आणि म्हणाला, बँड झकास आहे, पण गायिका चव्वेचाळीसची आहे आणि शाळेतल्या बाईंसारखी दिसते. तिच्या जागी घ्यायला माझ्याकडे बावीस वर्षांची मुलगी आहे, असेही तो म्हणाला. मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवे होते. मी म्हणाले, “विचार करून सांगते.” धाकटी थप्पीमागे उभी होती. तिने पर्स उचलली आणि गेली.

मी त्या माणसाला दुसऱ्याच दिवशी नकार कळवला. धाकटीने मात्र मला दार उघडले नाही. कार्यक्रमाला स्टेजवर आम्ही तिघेच चढलो आणि मी स्वतः गाऊ लागले. त्याविषयी या कागदात अधिक लिहीत नाही. दुसऱ्या कडव्याला मागून खरा आवाज आला. धाकटी शाळेतून तशीच आली होती, हाताला खडूची भुकटी. तिने माझ्यासमोरचा माईक ओढून घेतला आणि बारा हजार लोक एकदम उठले. त्या दिवसानंतर आम्हाला मागे वळून पाहावे लागले नाही.

पुढची दोन वर्षे आम्ही सात देश फिरलो आणि त्या दोन वर्षांत स्टेजखाली ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. निरोप ड्रमवाल्यामार्फत यायचे: धाकटी विचारते, तिसरे गाणे सावकाश घेणार का? धाकटी हातभर अंतरावर बसलेली असायची.

एका सकाळी परक्या गावातल्या हॉटेलात माझे दार वाजले. “ताई, माझ्या खोलीतली गादी बघ गं. पाठ धरलीय.” मी दाभण घेऊन गेले. आतला कापूस एका कडेला गोळा झाला होता. मी टाके उसवले, ती जमिनीवर बसून बघत राहिली. शिवता शिवता मी म्हणाले, “त्या दिवशी मी तुझ्या बाजूनं बोलले नाही. चुकलं माझं.”

तिने सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, “त्याहून वाईट म्हणजे तू गायलीस.”

आम्ही इतक्या हसलो की हॉटेलचा माणूस बघायला आला.

कलम ५. काळे चामड्याचे जाकीट घड्याळजीच्या बायकोला. तिला ते माझ्यापेक्षा चांगले दिसते आणि हे तिला माहीत आहे.

कलम ६. ‘लोखंडी खाट’ हे नाव विकू नये. माझ्यासाठी बँड बंद ठेवू नये, निरोपाचा कार्यक्रम तर मुळीच करू नये. माझ्या जागी भाचीने उभे राहावे आणि पुढे काय करायचे ते धाकटीने ठरवावे. तिच्या बाजूने हे मी आज, विचार न करता, सांगते.

या कागदाची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. येत्या शनिवारी आमचा कार्यक्रम आहे, तरी कोणी घाई करू नये. ज्यांना किंवा ज्यांच्या बायकांना यातून काही मिळते, त्यांना साक्षीदार होता येत नाही. म्हणून सगळी मंडळी आतल्या खोलीत बसून वाद्ये जुळवीत आहेत. सही हललेली दिसली तर ती वयामुळे नव्हे, भिंत हलल्यामुळे, याची नोंद घ्यावी.

सही: थोरली, गादीवाली

साक्षीदार १: वकीलबाई (सही)
साक्षीदार २: समोरचे दातांचे डॉक्टर (सही, कानात बोळे घालून, पण सर्व वाचून)

ठिकाण: दुकानाची माडी
दिनांक: ९ मार्च २०२६