समितीची चिठ्ठी मागण्यापूर्वी

मी, श्रीमती तेगवेन प्रॉथेरो, कै. एल्विन प्रॉथेरो यांची विधवा, वय एक्कावन्न, धंदा शिवणकाम, राहणार चॅपलमागची गल्ली, कुमहेलिग, दक्षिण वेल्स, आज गुरुवारी सकाळी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. जीभही आहे, आणि तिच्याबद्दल गावात तक्रारी आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घाई मात्र आहे. कारण तिसऱ्या कलमात येईल.

कलम पहिले. राहते घर खाणमालकांचं होतं, गेल्या वर्षापासून सरकारचं झालं. माझं कधीच नव्हतं, सबब ते देण्याचा प्रश्न नाही. घरातलं सामान व पोस्टातली शिल्लक माझ्याजवळ राहणारी भाची मेरिअल हिला मिळावी. पाहुण्यांसाठी चोवीस वर्षं राखून ठेवलेल्या चिनी मातीच्या कपबशा तिने रोज वापराव्यात. यायचे ते पाहुणे येऊन गेले.

कलम दुसरे. शिलाई मशीन, तिन्ही कात्र्या आणि चामडं टोचायची आरी हीही मेरिअलची. या हत्यारांवर मी खाणकामगारांचे हर्नियाचे पट्टे शिवले. मापांची वही मात्र न उघडता जाळावी. गावच्या औषधोपचार मंडळाच्या समितीतल्या अकरा जणांपैकी सात जण त्या वहीत आहेत. ते माझ्या स्वयंपाकघरात पँट सोडून उभे राहिले, मी तोंडात टाचण्या धरल्या, आणि आजवर ब्र काढलेला नाही.

कलम तिसरे. हे मंडळ माझ्या नवऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी उभं केलं. दर आठवड्याच्या पगारातून वर्गणी कापून डॉक्टर ठेवला, दवाखाना बांधला. शिफ्ट संपल्यावर एल्विन विटा वाहायचा. आता सरकार म्हणतं, सगळ्या देशात असंच करायचं, सगळ्यांना फुकट औषधोपचार, येत्या पाच जुलैपासून. एल्विन असता तर त्याने पहिल्यांदा विचारलं असतं, विटा कोण वाहणार.

पण मंडळाचा एक नियम आहे. कार्डिफच्या इस्पितळात जायचं तर समितीची चिठ्ठी लागते, आणि मागणाऱ्याने गुरुवारी समितीसमोर उभं राहून आपलं दुखणं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नियम कामचुकारांसाठी केला होता. बायकांना दुखणी असतात हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नसावं. अध्यक्ष माझा दीर इद्वल. वाचनालयाच्या भित्तिपत्रकात मी गेली सहा वर्षं त्याची टिंगल करत आले आहे, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

फेब्रुवारीत मला ओटीपोटात गाठ हाताला लागली. पाच जुलैनंतर समितीची चिठ्ठी लागणार नव्हती, डॉक्टरने पाठवलं की झालं. म्हणून मी थांबले. कोणाला सांगितलं नाही. मार्च गेला, एप्रिल गेला, घागऱ्याची शिवण दोनदा सोडून मोठी केली.

या सोमवारी मंडळाच्या नव्या डॉक्टरीणबाई लँडाऊ, व्हिएन्नाहून जीव घेऊन पळून आलेल्या, मेरिअलचा घसा बघायला आल्या. मी जिन्यात पोट धरून बसलेली त्यांना दिसले. मेरिअलला बाहेर पाठवून त्यांनी मला तपासलं आणि किती दिवस झाले म्हणून विचारलं.

"पाच जुलैला येणारच होते," मी म्हटलं.

"बाई, गाठीला कायदा वाचता येत नाही. शनिवारी खाट मिळतेय. ती सोडलीत तर पुढचं मला विचारू नका."

वाचेन का, असं मी विचारलं. त्या बॅग आवरता आवरता म्हणाल्या, फेब्रुवारीत विचारलं असतं तर छातीठोक हो म्हटलं असतं.

शनिवार म्हणजे सव्वीस जून. म्हणजे चिठ्ठी लागणार. समिती आज संध्याकाळी सहाला बसते.

कलम चौथे. आज तिथे तोंड न उघडता मी घरी परतले आणि त्यापायी मेले, तर दोष नव्या योजनेला किंवा डॉक्टरीणबाईंना देऊ नये. चॅपलात मला सोशीक म्हणू नये. इद्वलने उभं राहून सर्वांना सांगावं की ही बाई लाजेने मेली, आणि ती लाज गावाने मिळून बांधलेली होती.

(सही) तेगवेन प्रॉथेरो

पुरवणी. त्याच दिवशी, संध्याकाळी सात.

गेले. अकरा जण, मांडीवर टोप्या. इद्वलने नियमाप्रमाणे विचारलं, दुखणं काय. मी सांगितलं, "गर्भाशयात गाठ आहे. रक्त जातं. फेब्रुवारीपासून."

इद्वलने चिठ्ठी पुढे ओढली, सही केली, पण हातातून सोडेना.

"शनिवारी एकट्याच जाणार, वहिनी?"

"भावजी, तिथे जोडीने घेत नाहीत."

तो हसला नाही. चिटणिसाकडे वळून म्हणाला, "आणखी एक चिठ्ठी लिही. ब्लॉडवेन प्रॉथेरो. माझी बायको. तिलाही खालून रक्त जातंय." मग टेबलाकडे बघत, "तीही पाच तारखेसाठी थांबली होती. मीच थांबवलं होतं. म्हटलं, त्या खोलीत सगळ्यांसमोर मला तुझं दुखणं विचारायला लावू नकोस."

सबब कलम चौथे रद्द. शनिवारी आठच्या बसने आम्ही दोघी जाणार.

एक अट मात्र मी मेले नाही तरी लागू राहील. उद्या सकाळपासून इद्वलने गावातलं प्रत्येक दार ठोठावावं आणि घरातल्या बाईला विचारावं, तीही पाच तारखेची वाट बघतेय का. दारात नवरा आला तर त्याला बाजूला करावं.

(सही) तेगवेन प्रॉथेरो

मृत्युपत्रावर व पुरवणीवर आमच्यासमक्ष सह्या झाल्या. यातलं आम्हाला काही मिळत नाही.
१. डॉ. हेडविग लँडाऊ
२. इमरिस होस्किन, कंपाउंडर, औषधोपचार मंडळ

कुमहेलिग, २४ जून १९४८