थॉर्नबरोंच्या बुचाबाबत माझे अखेरचे म्हणणे

मी, आर्डिथ मे टेस्की, कै. गार्नेट टेस्की यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार होल्टन तळ्याचा उत्तर काठ, ऑन्टारियो, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे गेल्या वर्षी जुलै महिन्यात पन्नास माणसांसमोर सांगितले गेले, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी माझा हात धरून हे लिहून घेतलेले नाही. आधीचे मृत्युपत्र आज सकाळी चुलीत घातले. चांगले पेटले.

१. मला गार्नेटशेजारी पुरावे. मी उन्हाळ्यात मेले आणि कॉटेजवाली शहरी मंडळी आली तर येऊ द्यावीत, पण त्यांनी गाड्या दफनभूमीच्या गवतावर लावू नयेत. सांगून ऐकत नाहीत, तेव्हा आधीच दोरी बांधावी.

२. माझा मोठा पाना, छातीपर्यंतची रबरी विजार, शिडी आणि लाल होडी कोरलीन बाबिन हिला द्यावी. ती माझी शेजारीण. गार्नेट गेल्यावर नऊ शरद ऋतू तिने माझ्याबरोबर कंबरभर गार पाण्यात उभे राहून लोकांचे होड्या लावायचे लाकडी धक्के काठावर ओढले. एकदाही "थंडी वाजते" म्हणाली नाही. शिव्या मात्र भरपूर दिल्या. विजारीला डाव्या गुडघ्यावर ठिगळ आहे, तिथून पाणी झिरपते, हे तिला ठाऊक आहे.

या कामाबद्दल दोन ओळी लिहिते, कारण पुढची तक्रार त्याशिवाय कळणार नाही. ऑक्टोबरातला थँक्सगिव्हिंगच्या सणाचा सोमवार उलटला की शहरी माणसे निघून जातात, मोटारबोटी थांबतात आणि तळे पुन्हा आमचे होते. मग एकेक कॉटेज हिवाळ्यासाठी बंद करायची. पंप थांबवायचा, सगळे नळ उघडे टाकायचे, कॉटेजच्या खाली सरपटत जाऊन सगळ्यात खालच्या पाइपाचे पितळी बूच काढायचे आणि थेंब न् थेंब पाणी जाऊ द्यायचे. राहिले तर ते गोठते आणि पाइप फोडते. काढलेले बूच मी स्वयंपाकघरातल्या नळाला लोकरीच्या धाग्याने टांगते, म्हणजे वसंतात येणाऱ्याला ते आधी दिसावे. मग पायरीवर बसून थर्मासातला चहा प्यायचा. पाने पडत असतात, कोणी बोलत नसते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस तेच. चाळीस वर्षे, एकतीस कॉटेजेस, आणि माझ्या चुकीने एकही पाइप फुटला नाही.

३. मिसेस थॉर्नबरो यांनी सव्वीस नाताळांना मला सव्वीस सुगंधी मेणबत्त्या दिल्या. एकही पेटवलेली नाही, वासाने डोके उठते. सगळ्या त्यांना परत कराव्यात.

४. आता मुख्य. २०१७ च्या ऑक्टोबरात मी थॉर्नबरोंची कॉटेज बंद केली. पुढच्या मे महिन्यात पाइप फुटलेले आणि स्वयंपाकघराची फरशी उचकटलेली सापडली. बूच पाइपात घट्ट बसवलेले होते. जुलैत तळ्याच्या संघटनेच्या बैठकीत मिसेस थॉर्नबरो गोड आवाजात म्हणाल्या, "आर्डिथ, तुम्हाला कोणी दोष देत नाही हो. पण बूच जागच्या जागी होतं. वय झालं की असं व्हायचंच."

मी म्हणाले, "मी ते माझ्या हाताने काढून नळाला टांगलंय."

"तुम्हाला तसं आठवत असेल," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझा मुलगा लाइल याच्याकडे पाहिले. त्यांचे बोटघर तोच बांधत होता. लाइल उभा राहिला, टोपी हातात फिरवत म्हणाला, "आई आता थकलीय. झालं असेल तिच्याकडून."

एकतीस किल्ल्यांचा जुडगा मी त्याच टेबलावर ठेवला. आता शहरातली एक कंपनी येते, नाव छापलेले सदरे घालून, आणि नळाचा फोटो काढून जाते. दोन शरद ऋतू मी खिडकीत बसून काढले आहेत. हातपाय धड असताना.

यंदाच्या सप्टेंबरात दुकानाच्या पायरीवर थॉर्नबरोंचा जावई ब्लेक भेटला. माणूस साधा आहे, त्याला पाइपांमधले काही कळत नाही. म्हणाला, "तुमचा लाइल म्हणजे कमाल माणूस! त्या नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला आलो होतो ना, बाहेर बर्फ, आणि पठ्ठ्याने पाणी चालू करून दिलं. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसलो होतो!"

"कुठल्या नोव्हेंबरात?" मी विचारले.

"पाइप फुटले ना, त्याच्या आधीच्या. का हो?"

मी पाव न घेताच घरी आले.

म्हणजे धागा सोडून बूच पाइपात बसवले माझ्या मुलाने, आणि जाताना काढायला विसरला. विसरणे मी समजू शकते. मिसेस थॉर्नबरोंकडचे काम जाईल म्हणून घाबरला, तेही समजू शकते, घरी दोन लेकी आहेत. पण तो उभा राहिला! गप्प बसला असता तरी चालले असते. उभा राहून, सगळ्यांदेखत, स्वतःची चूक त्याने माझ्या म्हातारपणावर ढकलली. याचा मला संताप येतो, आणि संतापापेक्षा जास्त दुखते. सहा आठवडे झाले, मी त्याला काही बोललेले नाही. दर रविवारी तो माझी लाकडे फोडून देतो आणि माझ्या डोळ्यांत बघत नाही.

५. हे घर आणि पाण्याकाठची जागा लाइलला द्यावी. तो चार वर्षे बोट दुरुस्तीच्या दुकानामागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आहे आणि या घराची वाट बघतो आहे. मी मेल्यावर कलम चार सगळ्यांसमोर वाचले जाईल, पण घर त्याचेच राहील. मी त्याची आई आहे.

६. मात्र वकीलबाईंनी मला एक नियम सांगितला. मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काही मिळत नाही. दोन साक्षीदार पुरतात. मी जागा तिघांची ठेवली आहे. आज रविवार आहे. लाइल मागच्या अंगणात लाकडे फोडतो आहे. त्याला आत बोलावून मी हा कागद वाचायला देणार आहे आणि हा नियमही सांगणार आहे. तिसरी जागा कोरी ठेवून तो निघून गेला तर घर त्याचे, आणि मी जिवंत असेपर्यंत या काठावर मी थकलेली म्हातारीच राहीन. त्याने सही केली तर घर कोरलीनला जाईल, आणि या कागदाची नक्कल मी उद्याच संघटनेच्या फलकावर लावीन. मी त्याला एका शब्दानेही आग्रह करणार नाही.

होल्टन तळे, उत्तर काठ. रविवार, २० ऑक्टोबर २०१९.

सही: आर्डिथ मे टेस्की

आम्ही एकाच वेळी समोर बसून ही सही होताना पाहिली.

साक्षीदार १: डेल्फीन रॉय, पोस्टमास्तरीण

साक्षीदार २: वेंडेल क्रॅब, किराणा दुकानदार

साक्षीदार ३: लाइल गार्नेट टेस्की. दोनदा वाचलं. बूच मी लावलं होतं, आईने नाही. घर जाणार हे कळून सही करतोय.