साखरपुड्याचा उजवा कोपरा

५ फेब्रुवारी

"तू फोटू काढ जाय, भाकरी मी टाकते." — लग्नानंतर आठव्या दिवशी थोरल्या जाऊबाई, आक्का, म्हणाल्या होत्या. तेही सासूबाईंसमोर! बावीस वर्षं झाली. आज लेन्स पुसताना सारखं तेच ऐकू येत होतं.

रविवारी वाटूरला त्यांच्या आकांक्षाचा साखरपुडा. फोटो मीच काढणार.

६ फेब्रुवारी

कॅमेरा मोठ्या सेन्सरचा, वापरलेला घेतला. त्याच्या स्वतःच्या लेन्स माझ्या आवाक्यातल्या नाहीत. म्हणून अंबडच्या बंद पडलेल्या स्टुडिओतली जुनी लेन्स, मध्ये अडॅप्टरचं कडं, फोकस हातानं. गच्चीवर वाळणाऱ्या साड्यांवर दुपारभर करून बघितलं. मधोमध काय सुरेख येतं! पण चारी कोपरे काळेकुट्ट. लहान फिल्मसाठी घडवलेली लेन्स ती, एवढ्या मोठ्या सेन्सरला पुरत नाही.

ह्यांना दाखवलं. "नवीन डोळे, जुना चष्मा! चक्कर यायचीच." स्वतःच हसले. मला हसू आलं नाही.

शेवटी कॅमेऱ्याला सांगितलं — फक्त मधलाच भाग दाखव. मूळ फाईलमध्ये सगळं राहतंच. पण रविवारी घरात जागा कमी, माणसं जास्त. तेव्हा ही सेटिंग काढायची, पूर्ण चौकट घ्यायची. कोपरे काळे तर काळे.

८ फेब्रुवारी

बॅटरी तीनदा तपासली. जिवाला स्वस्थता नाही.

९ फेब्रुवारी

आत्ताच घरी आलो. पाय दुखतायत.

आक्का दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात. पोटच्या पोरीचा साखरपुडा — आणि दारात! ह्यांचे थोरले भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून त्या एकाही शुभकार्याच्या फोटोत नाहीत. कुणी उघड मनाई केली नव्हती. कुणी बोलावलंही नव्हतं. मीसुद्धा नाही.

आज हात धरला.

"न्हाई गं मीना. पाव्हणे काय म्हणतील?"

"काही म्हणत नाहीत. कडेला उभ्या राहा. मी आहे ना!"

तेवढ्यात सासूबाई — "झाल्या का गप्पा? तिकडं माणसं ताटकळून राह्यली!"

मी पळत कॅमेऱ्याकडे. फोकस चुकायची धास्ती. आकांक्षाच्या नथीवर लावला आणि नथीवरून नजर हलवलीच नाही. आक्का मागून आल्या का, तेही पाहिलं नाही. पण नथ काय आलीय! मोती न् मोती.

१० फेब्रुवारी

दोन्ही घरांच्या ग्रुपवर सगळ्यांचा फोटो टाकला. कौतुकाचा पाऊस! नवरदेवाच्या आत्याबाई विचारतात, मुंबईचा फोटोग्राफर आणला होता का. दिवसभर हवेत होते.

आक्कांचं एवढंच — "छान आला."

१२ फेब्रुवारी

फ्रेमसाठी मूळ फाईल उघडली. उजव्या काळ्या कोपऱ्यात काहीतरी होतं. काळोख थोडा उजळला. अजून थोडा. आधी जांभळा काठ आला, मग हात, मग चेहरा.

आक्का.

सेटिंग काढायची राहिली होती!

साडीची नवी घडी मोडलेली. पदर नीट खांद्यावरून घेतलेला. कडेला ही लेन्स स्पष्ट टिपत नाही, म्हणून डोळे धूसर, पण नजर सरळ माझ्याकडे. हसतायत. फोटोत आहोत, असं समजून हसतायत.

आणि मी तो कापून सगळ्यांना पाठवला. ग्रुपवर त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला असेल. उजवी कड शोधली असेल. मग लिहिलं असेल — छान आला.

फोन हातात घेते, ठेवते.

१३ फेब्रुवारी

सकाळी आक्कांना फोन केला. सेटिंग, सेन्सर, कोपरे — काय काय बडबडले.

"असू दे गं. कापायचंच व्हतं तर तूच कापलंस ते बरं झालं. दुसऱ्यानं कापलं असतं तर लागलं असतं."

"आक्का, मी नाही कापलं!"

"बरं. आकांक्षाचं ब्लाऊज शिवायला टाकलंस का?"

त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. आणि रागही नाही. राग असता तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी

पूर्ण फोटो फक्त त्यांना पाठवला. दोन खुणा निळ्या झाल्या. नाहीच म्हणणार त्या, मला पक्कं ठाऊक आहे. तरी खाली लिहिलं — आक्का, हा ग्रुपवर टाकू द्या. काळ्या कोपऱ्यांसकट.