खाजगी रॉकेटची फाईल

नाना,

तुम्हाला नाना म्हणते म्हणून शाळेत मैत्रिणी मला हसायच्या, हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील ना. "अपने बाप को नाना बोलती है!" मी तोंड पाडून घरी आले, तर तुम्ही म्हणालात, "बरंच आहे की. एका माणसात दोघं मिळाले तुला." आता मीच आजी झाले आहे. सगळी नोकरी दक्षिणेत, समुद्राकाठी काढली आणि रिटायर होऊन ग्वाल्हेरला परतले. थाटीपुरात लेकाकडे राहते. परवा सकाळी टीव्हीवर एक रॉकेट उडताना पाहिलं. नात मला टेकून बसली होती. "आजी, हे तुझ्या ऑफिसचं आहे ना?" म्हटलं, नाही गं, एका खाजगी कंपनीचं. "मतलब प्रायव्हेट वाला? तो तू रो क्यों रही है?" तिला काय सांगणार? तुम्हाला सांगते.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडे रॉकेट म्हणजे सरकारचंच. बनवायचं आम्ही, तपासायचं आम्ही, उडवायचं आम्ही. माझं काम सुरक्षिततेचं. चाचणीसाठी इंजिन पेटवण्याआधी एकेक जोड, एकेक व्हॉल्व बघायचा आणि मग सही करायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना धोरण बदललं. खाजगी कंपन्यांनीही रॉकेट उडवावं, सरकारने आपल्या चाचणीच्या जागा त्यांना वापरू द्याव्यात, असं ठरलं. खात्याची नव्याने मांडणी झाली, परवानगीसाठी निराळं कार्यालय निघालं, जुन्या पाट्या उतरल्या. तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. संस्थान विलीन झालं आणि संस्थानची छोटी रेल्वे लाईन, जिच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही होतात, अशीच एके दिवशी दिल्लीची झाली.

ती गोष्ट तुम्ही मला एकदाच सांगितलीत, तुम्ही रिटायर झालात त्याच्या दुसऱ्या दिवशी. खासगी बाजार मोहल्ल्यातलं आपलं भाड्याचं घर, हिवाळ्याची सकाळ, आई चुलीशी. तुम्ही पाटावर बसून मटार सोलताय. मी पंधरा-सोळा वर्षांची, आणि तुमच्यावर रागावलेली, कारण तुमची स्लाइड रूल, ती हिशेबाची सरकती पट्टी, जिच्यावर मी गुणाकार शिकले, ती तुम्ही वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्या इंजिनिअरला देऊन आला होतात. वर महिनाभर त्याला इंजिनांच्या खोडी शिकवत बसला होतात. मी ओरडले, "तो बाहेरचा आहे. कालचा आलेला. तुमच्या खुर्चीवर बसणार, आणि तुम्ही त्यालाच सगळं देता?" आई म्हणाली, "अगं, हळू बोल, शेजारी ऐकतात." तुम्ही मात्र चिडलात. मला कधी न बोललेल्या आवाजात म्हणालात, "बाहेरचा हा शब्द माझ्या घरात नको. बस इथे."

मी बसले. तुम्ही सोलता सोलता सांगत होतात. विलीनीकरणात दिल्लीहून अधिकारी आले आणि वर्कशॉपमधले सगळे नकाशे जमा करा असा हुकूम निघाला. नकाशाघर तुमच्या ताब्यात. तुम्ही अठ्ठावीस वर्षांचे. बाकी सगळे दिलेत, बॉयलरच्या नकाशांची एक गुंडाळी मात्र घरी आणून गादीखाली ठेवलीत. "विकायची नव्हती, काही करायचं नव्हतं. आमचं आहे, एवढंच डोक्यात." नव्या साहेबाने दोनदा विचारलं, तुम्ही दोनदा "ढूँढ रहे हैं" म्हणालात. तिसऱ्या आठवड्यात एक बॉयलर दुरुस्तीला आला. नकाशा नाही, म्हणून अंदाजाने एक झाकण उघडलं. आत वाफ होती. फिटरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तो आपल्याच गावचा, संस्थानाच्याच वेळचा, दिल्लीचा नव्हे. "दुसऱ्या दिवशी गुंडाळी नेऊन दिली. साहेब म्हणाला, मिल गई? मी म्हटलं, मिल गई." मटाराची टोपली आईकडे सरकवून तुम्ही उठलात. त्यावर पुन्हा आपण कधी बोललो नाही.

हे सगळं मला माहीत होतं, नाना. तरीही मी तेच केलं. पहिल्या खाजगी कंपनीची फाईल माझ्या टेबलावर आली, आमच्या जागेवर इंजिन पेटवून बघण्याच्या परवानगीची. मी ती नीट वाचली. दोन ठिकाणी खरी कमी होती, त्यांनी आठवड्यात दुरुस्त केली. मग मी नसलेली कमी शोधत बसले. परिशिष्टाचा नमुना चुकला, प्रमाणपत्रावर शिक्का पुसट आहे, एका व्हॉल्वचा जुना अहवाल हवा. दर खेपेला नवी शंका. चार महिने. ती तिशीच्या आतली पोरं, पायांत स्पोर्ट्‌सचे बूट, आणि मी हयात घालवून उभारलेल्या जागेवर ती "हमारा टेस्ट" म्हणून बोलत होती, ते मला सोसत नव्हतं. सहकारी म्हणायचे, मॅडम फार काटेकोर आहेत. मी मान हलवायची.

मग त्यांच्या इंजिन विभागाची प्रमुख, एक तरुण मुलगी, स्वतः आली. दोन तास बाहेर बाकावर बसून होती. आत आली तेव्हा भांडली नाही. एवढंच म्हणाली, "मैडम, हमारे दो लोग छोड़कर चले गए. आप बस इतना बता दीजिए कि इंजन में कमी कहाँ है. हम रात-दिन लगाकर ठीक कर देंगे." मी फाईल उघडली. इंजिनात कमी नव्हती. मी तिच्याकडे बघू शकले नाही, कागदांकडे बघत म्हटलं, "दोन दिवसांत कळवते." ती गेल्यावर सही केली. चाचणीच्या दिवशी तिच्याबरोबर उभी राहिले, आणि आमच्या जागेच्या ज्या खोडी कुठल्याच कागदावर नाहीत त्या सगळ्या तिला सांगितल्या. वारा समुद्रावरून फिरला की कोणता काटा खोटं दाखवतो, तेसुद्धा. इंजिन पेटलं, जमीन हादरली. पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली, तिने मलाही ओढलं.

परवा तेच इंजिन वर गेलं. उड्डाणानंतर ती टीव्हीवर बोलली. म्हणाली, सरकारमध्ये एक मॅडम होत्या, त्यांनी आम्हाला चार महिने रगडलं, त्यांच्या कडकपणामुळेच आम्ही आज इथे आहोत. नातीने टाळ्या वाजवल्या, लेकाने महाराज बाड्याच्या बाजारातून मिठाई आणली. मी खाल्ली.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. कालपासून तीनदा फोन उचलला, तीनदा खाली ठेवला. खरं तिला सांगायला हवं. तुम्हाला सांगणं सोपं होतं, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.