नील बेटावरचा मोकळा दिवस

प्रिय आदर्श,

फोन सोडून आई पत्र कसलं लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण आपलं फोनवर काय होतं ते तुला माहीत आहे. मी ‘जेवलास का’ विचारते, तू ‘व्हय’ म्हणतोस, आणि तुझ्या आबांची चप्पल दारात वाजली की मी फोन ठेवून देते. तेवढ्यात काय सांगून होणार? हे सगळं मला पहिल्यापासून सांगायचं आहे, आणि मधे कुणी ‘बरं बरं, ठेवतो’ म्हणायला नको आहे. आबा कपिलतीर्थला भाजी आणायला गेलेत. रस्त्यात चार माणसं भेटल्याशिवाय ते काही परत येत नाहीत, म्हणून स्वयंपाकघरातच बसलेय लिहीत.

तर, तुझे आबा अंदमानला निघालेत. मला घेऊन. हे वाचून तू हसला असशील, नाहीतर दचकला असशील. दचकला असशील तर का, ते मी पुढं विचारणारच आहे.

तेव्हा गणपती होऊन आठवडा झाला असेल. चहा पिता पिता म्हणाले, “शालू, अंदमान बघून येऊ.” मी बशी खालीच ठेवली. तुझा थोरला भाऊ, आपला राजवर्धन, नदीत गेल्यापासून हा माणूस रंकाळ्यावर फिरायला गेलेला नाही. वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलो तर घाटाच्या पायऱ्या उतरत नाहीत, वरूनच हात जोडतात. पंचगंगेच्या पुलावर रिक्षा आली की माझ्याकडं तोंड करून काहीतरी बोलायला लागतात, म्हणजे पाणी दिसायला नको. बिद्रीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर सगळे सहकारी केरळला गेले, हे गेले नाहीत. का, तर तिथं होडीत बसवतात. आणि आता म्हणे अंदमान!

मी म्हटलं, “अहो, तिथं चारी बाजूंनी समुद्र आहे.” तर म्हणतात, “म्हाईत हाय की.”

दुसऱ्या दिवसापासून टेबलावर आखणी सुरू. गुळाचे खडे मांडले, ती बेटं. शेंगदाणे म्हणजे बोटी. मोठा खडा पोर्ट ब्लेअर, तिथं मुक्काम. तिथून रोज सकाळी एका बेटावर जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. एक दिवस रॉस बेटावरची पडकी इंग्रजी घरं बघायची, एक दिवस जॉली बॉयचं प्रवाळ, एक दिवस हॅवलॉकची पांढरी वाळू. अनुजा, आपल्या शेजारच्या पाटलांची सून, राजारामपुरीत टूरवाल्यांच्या ऑफिसात असते. ती म्हणाली, “काकू, सगळे लोक हॅवलॉकला मुक्काम करतात. काकाच नको म्हणतात. आणि नील बेटाचा एक अख्खा दिवस ठेवलाय, पण त्यात काहीच घालू देत नाहीत. गाडी नको, गाईड नको.” मी घरी येऊन विचारलं, नीलला काय बघायचं? म्हणाले, “काय न्हाय. बसायचं.” बसायला एवढ्या लांब जायचं? त्यांनी तो खडा उचलला आणि तोंडात टाकला. विषय संपला.

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. मग मी कान देऊन ऐकायला लागले. “बोटीत उजव्या अंगाला बसायचं न्हाय, सकाळचं ऊन तोंडावर येतंय.” “नीलची जेट्टी लई लांब हाय, तुझ्या गुडघ्यांनी दमानं चालायचं.” “उतरताना फळी हलती, खाली बघायचं न्हाय, समोरच्या माणसाच्या हाताकडं बघायचं.” हे सगळं कुठून कळलं म्हटलं, तर “मोबाईलवर.” अरे, ज्या माणसाला अजून साधा फोटो पाठवता येत नाही, त्याला मोबाईलनं फळी हलते ते सांगितलं?

तेव्हा मला गेल्या वर्षीचं कोइमतूर आठवलं. आबांच्या जिवलग दोस्ताला, उदयसिंह भावजींना, त्यांच्या फौंड्रीसाठी मशीन बघायची होती, सोबत म्हणून हे गेले होते. परत आले ते काळेठिक्कर पडून, नाकाची सालं निघालेली. तेव्हा मला काही वाटलं नाही. आता वाटलं. पुढच्या वेळी भावजी चहाला आले तेव्हा मी कप हातात देताना सहज विचारलं, “भावजी, कोइमतूरला समुद्र कधी आला?” त्यांना असा ठसका लागला की आबांना पाठीत धपाटे घालावे लागले. मग म्हणाले, “वहिनी, माझं त्वांड बांधलंया. मला काय इचारू नका.” आणि दोघांनी बशीत तोंडं घातली, शाळेत पकडलेल्या पोरांसारखी.

आता मी काय समजायचं? सांगते, पण हसू नको. मला पहिल्यांदा बाईच वाटली. या वयात, पांढऱ्या मिशा घेऊन! पण माणूस एकदा आपल्याला न सांगता समुद्रापर्यंत जाऊन आला की मन काय काय रचत बसतं. मी त्यांचे शर्ट हुंगले. फोन आला की खोलीत झाडू घेऊन जायला लागले, खोली झाडलेली असली तरी.

दिवाळीनंतर तर आणखीच. तांबडं फुटलं की स्कूटर काढायची आणि “गंगावेशीत दूध पिऊन येतो” म्हणायचं. येताना डोळे लालभडक. केस ओले. अंगाला दवाखान्यासारखा वास. एक टॉवेल नाहीसा झाला, तो विचारला तर मोलकरणीवर ढकलला. दूध पिऊन कुणाचे डोळे लाल होतात? दारू म्हणावी तर वास तो नव्हे. मग मला दुसरीच भीती वाटायला लागली. वाटलं, या माणसाला काहीतरी मोठं दुखणं लागलंय, गुपचूप उपचार घेतायत, एकटेच रडतायत, आणि जायच्या आधी बायकोला जग दाखवायचं ठरवलंय. त्यापेक्षा बाई परवडली, असं म्हणायची माझ्यावर वेळ आली बघ.

एक दिवस राहवलं नाही. स्कूटर कोपऱ्यावरून वळली आणि मी रिक्षा केली. पदर डोक्यावरून घेऊन मागच्या बाजूला बसले. रिक्षावाला म्हणाला, “मावशी, पोरगा हाय का कोण?” मी म्हटलं, “नवरा हाय, तू गाडी सोड.” गंगावेस डावीकडं राहिली. दवाखानेही मागं पडले. स्कूटर थांबली ती पोहण्याच्या तलावापाशी.

आदर्श, मी कठड्याशी उभी राहून जे बघितलं ते तुला कसं सांगू. उथळ बाजूला रंगीत टोप्या घातलेली चिमुरडी पोरं, आणि त्यांच्या मधे तुझे आबा. दोन्ही हातांनी कडेची दांडी धरलेली, पाय मारतायत. काठावर आपला हरवलेला टॉवेल घेऊन उदयसिंह भावजी. शिकवणारी पोरगी ओरडत होती, “आबा, तोंड पाण्यात घाला! दांडी सोडा!” त्यांनी तोंड घातलं, आणि कुणीतरी मान धरल्यासारखे वर आले. खोकले. डोळे पुसले. जरा वेळ भिंतीकडं बघत थांबले आणि पुन्हा घातलं. एकदा त्यांनी दांडी सोडली तेव्हा माझ्याच तोंडून आवाज निघाला. त्यांनी वर बघितलं.

तसेच ओले बाहेर आले, माझ्याशेजारी पायरीवर बसले. म्हणाले, “आलीस व्हय माग काढत.”

“हे काय चाललंय?”

“पव्हायला शिकतोय.”

“कशासाठी?”

पायांखालचा ओला डाग अंगठ्यानं पसरवला. मग म्हणाले, “नीलवर आदर्श हाय.”

माझ्या लेखी तर तू मालवणात होतास! मालवणला पाण्याखाली उतरायचं काम शिकतो म्हणून गेलास, त्या दिवशी आबा काय बोलले ते मी विसरलेले नाही. “पाण्यानं एक नेला, दुसरा आपल्या पायानं चाललाय, मग परत दारात पाय ठिवू नको.” राजू बुडाला तेव्हा तू काठावर त्याचे कपडे घेऊन उभा होतास आणि तुला पोहता येत नव्हतं, म्हणूनच तू पाण्याकडं गेलास, हे मला कळत होतं. त्यांना कळत नव्हतं, की कळून सोसत नव्हतं, देव जाणे. पण तू तिथून अंदमानला गेलास हे मला का नाही सांगितलंस? मालवणला जाणाऱ्या लोकांबरोबर मी गेल्या उन्हाळ्यात चटणीचा डबा पाठवला, तर तू फोनवर “मिळाली, झकास झालीय” म्हणालास. ती कुणी खाल्ली रे? घरात एक खोटं बोलणारा पुरेसा होता.

आबांनी मग सगळं सांगितलं. उदयसिंह भावजी नातवंडांना घेऊन अंदमानला गेले होते, तिथं नीलच्या किनाऱ्यावर त्यांनी तुला बघितलं. येऊन यांना सांगितलं. हे कोइमतूरचं निमित्त करून गेले. त्या सगळ्या वाटेत बोटीत डोळे मिटून बसले होते म्हणे, भावजींचा हात धरून. आणि दिवसभर जेट्टीवरच बसून राहिले. तू तिथून जवळच, कमरेएवढ्या पाण्यात, कुणा जाड्या पाहुण्याला तोंड पाण्यात घालायला शिकवत होतास. त्याच्या पोटाखाली हात धरलेला. आबा म्हणाले, “त्या पावण्याला सांगत हुता, घाबरू नका, मी धरलंय. चारदा सांगितलं. माझ्या पोराचा आवाज असा हाय, मला म्हाईतच नव्हतं.”

मी म्हटलं, “मग हाक का नाही मारलीत?”

“काय म्हणून मारू? दार म्याच लावलतं न्हवं.” मग म्हणाले, “आता जाताना कायतरी घिऊन जायला पायजे. मोकळ्या हातानं कसं जायाचं? म्हणून हे शिकतोय.”

तेव्हापासून मी त्यांच्यावर रागावलेली आहे आणि रोज सकाळी त्यांचा टॉवेल वाळत घालते आहे. आता दांडी सोडून चार हात जातात. पाय टेकत नाही तिथं मात्र अजून जात नाहीत.

हे पत्र मी त्यांच्या नकळत लिहिते आहे, आणि ते यासाठी. शिवरात्रीच्या आधीचा मंगळवार हा नीलचा मोकळा दिवस आहे, सकाळच्या बोटीनं आम्ही उतरू. मी या माणसाला ओळखते. इतकं करूनही तो जेट्टीच्या कठड्याला धरून उभा राहील, “शालूला बेट दाखवायला आणलंय” म्हणेल, आणि संध्याकाळच्या बोटीनं परत फिरेल. मुक्काम नको म्हणतात तो त्याच्यासाठीच, नाही जमलं तर पळायला वाट असावी. म्हणून तू ये. ते म्हणतात, गेल्या वर्षी तू एकदा मान वर करून जेट्टीकडं बघितलंस आणि बघतच राहिलास. त्यांना वाटतं, तू ओळखलं नाहीस. मला तसं वाटत नाही. ओळखून का आला नाहीस ते मी विचारत नाही, पण या वेळी ती लांबलचक जेट्टी तू चालून ये. राजूचं नाव त्यांनी काढल्याशिवाय काढू नको. माफी मागायला लावू नको, ती त्यांना येत नाही. बाकीच्या पाहुण्यांना नेतोस तसंच त्यांना पाण्यात ने, पोटाखाली हात धर, आणि पाहुण्यांना जे सांगतोस तेच यांना सांग. मी वाळूवर बसेन. मला भीती वाटेल, पण तुम्हा दोघांना बाहेर या म्हणून मी हाक मारणार नाही.

तुझीच,
आई