तटाच्या आत, माझ्या मागे या

३० ऑक्टोबर, पहाटे ५
झोप नाही. डोक्यात नुसता भुंगा. विमा ऑफिसातून रिटायर होऊन चार महिने झाले. माणसाने बाल्कनी तरी किती वेळा झाडावी? निर्णय पक्का. जुन्या शहरात दर रविवारी हेरिटेज वॉक. सातशे वर्षं, दोन तास. गाईड : मी.

३१ ऑक्टोबर
लायब्ररीतून तीन जाडजूड ग्रंथ. पहिल्याची प्रस्तावना अर्धी वाचली. पुरेशी आहे. जास्त वाचलं की उगाच गोंधळ होतो. बायको म्हणाली, कुठून कुठे जायचं ते तरी ठरवा. म्हटलं, इतिहास सरळ रेषेत चालत नसतो.

२ नोव्हेंबर, रविवार
चौदा लोक! वेशीवर हल्ल्याचं असं वर्णन केलं की दोघीजणींनी दचकून मागे पाहिलं. मग टेहळणीचा बुरूज. समोरच्या घराच्या खिडकीतून एक आजोबा ओरडले, की ती पाण्याची टाकी आहे आणि त्यांनीच बांधलीय. लोक खूप हसले. एकंदरीत वातावरण खेळीमेळीचं.

५ नोव्हेंबर
चैन नाही. त्याच गल्ल्यांतून चार फेऱ्या. चपलेचा अंगठा तुटला. यापुढे तारखा अंदाजे सांगायच्या नाहीत. ठामपणे सांगायच्या.

९ नोव्हेंबर, रविवार
नऊजण. मोजके, पण दर्दी. एक निवृत्त शिक्षिका वही घेऊन येतात. विचारलं, वेस कोणत्या शतकातली? म्हटलं, मध्ययुगातली. म्हणजे कितव्या? म्हटलं, मधल्या.
शॉर्टकट घेतला. गल्ली कुणाच्या तरी स्वयंपाकघरात संपली. शत्रूला चकवायला अशीच रचना करत, हे तिथेच समजावलं. घरातल्या बाईंनी आम्हाला मागच्या दाराने काढून दिलं.

१३ नोव्हेंबर
रविवारी गर्दी दिसायला हवी. बायकोला चल म्हटलं. तिचं माहेर तटाच्या आतलंच, पण राहणं वेगळं आणि अभ्यास वेगळा.

१६ नोव्हेंबर, रविवार
बायको धरून सहा. जुन्या विहिरीपाशी राणीच्या भुयाराबद्दल बोलताना भावनेच्या भरात माझे डोळे मिटले. उघडले तर समोर एक कुत्रं. बाकी सगळे पलीकडच्या काठावर, बायकोभोवती. ती दगडाला दोरांनी पडलेले चर दाखवत होती. सांगत होती, आई इथेच पाणी ओढायची, तिच्याआधी किती जणी ओढून गेल्या देव जाणे. सगळ्यांनी चरांत बोटं घातली. शिक्षिकाबाई लिहायचं विसरल्या. मीही बोट घातलं. पेरभर आत गेलं.
तीस वर्षांत हे ती मला कधी बोलली नाही. घरी तसं म्हटलं. ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी? मग तिला सहायक गाईड नेमलं. हसली नुसती.

२३ नोव्हेंबर, रविवार
बत्तीस लोक. रेकॉर्ड! माझं प्रास्ताविक चालू असतानाच दोघांनी विचारलं, बाई कधी सुरू करणार? बायकोने माझ्यावर मोठी जबाबदारी टाकली : सगळ्यात मागे चालायचं, कुणी चुकत नाही ना पाहायचं. पिछाडी अनुभवी माणसालाच देतात.
तिसऱ्या वळणावर चुकलो. प्रास्ताविक संपल्यावर आलेल्या एक बाई मला शोधायला परत आल्या. दंडाला धरून घोळक्यात आणून सोडलं. विचारलं, पहिल्यांदाच आलात का?
हो म्हणालो.
त्या म्हणाल्या, मग पुढे जाऊन उभे राहा, मागे नीट ऐकू येत नाही.
गेलो.