तळमजला कोणाला

मी, खाली सही करणारी, शाळांचे गणवेश शिवून आयुष्य काढलेली विधवा, हे मृत्युपत्र स्वखुशीने करते आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नव्हतं असं चिरंजीव उद्या म्हणतील, म्हणून डॉक्टरांकडून तपासून घेऊन त्यांना समोरच बसवलं आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत, चिरंजीवांनी टाइप करून आणलेलं तर नक्कीच.

१. माझी मिळकत म्हणजे हे दुमजली घर. ते वडिलोपार्जित नाही आणि नवऱ्याने बांधलेलंही नाही. नवरा गेल्यावर मशीनवर पाय मारून मारून मी ते घेतलं, तेही कर्ज काढून, आणि कर्जाचे हप्ते तळमजल्याच्या भाड्यातून फेडले. गुंतवणूक वगैरे शब्द तेव्हा मला ठाऊक नव्हते. डोळे कधीतरी दगा देणार, तेव्हा चार भिंतींचा आधार हवा, एवढंच कळत होतं. विमा एजंट असलेल्या माझ्या दिरांनी पहिल्याच वर्षी घराच्या विम्याच्या अर्जात ‘मालक स्वतः राहतात’ असं दडपून लिहिलं, हप्ता कमी बसतो म्हणून. मी तो अर्ज त्यांच्यासमोर फाडला आणि ‘खाली भाडेकरू आहे’ असं लिहायला लावलं. त्यानंतर दिरांनी माझ्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांना या मृत्युपत्रात काहीही नाही.

२. खालची भाडेकरू म्हणजे मास्तरीणबाई. एकटी बाई, शाळेत गणित शिकवायची. भाडं द्यायला पहिल्या तारखेला स्वतः जिना चढून यायची. नळ गळला तर आधी वायसर बदलायची, मग मला सांगायची. संध्याकाळी मी काज करायला बसले की ती बटणं लावायला येऊन बसायची. लोक आम्हाला बहिणी समजायचे आणि आम्ही कधी नाही म्हटलं नाही.

३. पुढे चिरंजीवांनी घरांत पैसे गुंतवण्याचा कसलासा वर्ग केला आणि त्यांना शिंगं फुटली. म्हणाले, “आई, तू भाडं घेत नाहीस, नातं जपत बसतेस. बाजारभाव बघ जरा.” माझ्या डोळ्यांची ऑपरेशनं होती, आधी एक डोळा, मग दुसरा, तेवढे महिने मी त्यांच्याकडे होते. घर खाली करण्याच्या नोटिशीवर तिथेच त्यांनी माझी सही घेतली. डोळ्याला पट्टी होती. मुलगा म्हणाला इथे कर, मी केली. यात माझं काय चुकलं? मास्तरीणबाई किल्ली द्यायला आली तेव्हा मी तिला हेच सांगितलं. ती म्हणाली, “पट्टी एकाच डोळ्याला आहे ना?” आणि गेली. तेव्हापासून ती भाच्याच्या घरी, काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत राहते. माझ्याशी बोलत नाही.

४. वाढवलेल्या भाड्याला कोणी फिरकलं नाही. घर वर-खाली बंद. टाकीचा पाइप फुटला आणि कोणाला कळेपर्यंत पाणी वाहत राहिलं. फरशा उचलल्या, ओट्याखालची कपाटं फुगली, छताचं प्लास्टर खाली आलं. विमा होता, मी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. कंपनीचा माणूस आला, त्याने ओट्यावरून बोट फिरवलं आणि चिरंजीवांना विचारलं, “इथे शेवटचा चहा कधी झाला?” घर महिन्याहून जास्त रिकामं राहिलं तर पाण्याची भरपाई मिळत नाही, अशी अट होती. वर्गात ती शिकवली नव्हती म्हणे. मास्तरीणबाई असती तर तिने उठून टाकीचा कॉक बंद केला असता आणि विषय तिथेच संपला असता.

५. वरचा मजला चिरंजीवांना. पोटचा आहे, टाकता येत नाही. पूर्ण घराचा विमा त्यांनी दर वर्षी भरावा, भाड्याने दिलेलं घर म्हणूनच भरावा, आणि अटी स्वतः वाचाव्यात. त्यांच्या वर्गाचं प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर टांगलंय, ते घेऊन जावं. फ्रेम माझ्या पैशांची आहे, ती ठेवावी.

६. तळमजल्याची मालकी सुनेला. नोटिशीच्या दिवशी “अहो, असं नका करू” एवढं म्हणणारी घरात ती एकटीच होती. शिलाई मशीन आणि मोठी कात्रीही तिलाच. कात्रीने कागद कापू नये, धार जाते.

७. बँकेतल्या शिलकीतून आधी तळमजल्याच्या फरशा आणि छत करून घ्यावं. उरेल ते सुनेचं. मालकी सुनेची असली तरी तिथे मास्तरीणबाईने मरेपर्यंत राहावं, जुन्याच भाड्याने. तिला कोणी हलवू नये. चिरंजीवांनी तर जिन्यात उभं राहून तिच्याशी भाड्याबद्दल बोलूही नये. ती परत यावी, याखेरीज माझी दुसरी काही इच्छा उरलेली नाही.

८. इथपर्यंतचं वकिलांनी आत्ता मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तरीणबाईला मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ती दाराजवळच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवरच. एक साक्षीदार डॉक्टर; दुसरे, औषधांच्या दुकानाचे मालक, येतो म्हणाले आणि आले नाहीत. तेव्हा ही उठून म्हणाली, “मी करते सही.”

वकील म्हणाले, “बाई, नीट ऐका. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुम्ही सही केलीत की सातवं कलम तुमच्यापुरतं संपलं.”

“कळलं मला. पेन द्या.”

मी म्हटलं, “अगं, गॅलरीत किती वर्षं काढणार आहेस?”

“हे तू तेव्हा विचारायचं होतंस,” ती म्हणाली.

वकिलांचं म्हणणं, दुसरा साक्षीदार उद्या आणू. मी नको म्हटलं. उद्या आणला तरी ही राहायला येणार नाही, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. आज निदान माझ्या सहीखाली तिची सही येईल. सातवं कलम मात्र कोणी खोडू नये. मी दिलं होतं, एवढं तरी वाचणाऱ्याला कळू दे. हे कलम मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे आणि ती पेनसाठी हात पुढे करून उभी आहे.

ठिकाण: याच घराचा वरचा मजला
दिनांक: सतरा नोव्हेंबर, दुपार

मृत्युपत्र करणारीची सही

साक्षीदार, जिने आमच्यासमोर सही केली तिला ओळखणारे:
१. सही, डॉक्टर
२. सही, निवृत्त गणित शिक्षिका. पूर्वी भाडेकरू, तळमजला